विसरून जा म्हणण्याआधी

दगडी भिंतींची भीती

लातूरहून औशामार्गे उमरग्याकडे जाताना किल्लारी लागतं, ते नवं किल्लारी. आखीव चौक, रुंद रस्ते, एकमेकांपासून अंतर राखून उभी असलेली घरं. मराठवाड्यातल्या जुन्या गावांतली बोळांची दाटी इथे नाही, आणि ती का नाही हे या भागातलं शाळकरी पोरही सांगू शकतं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसं घरी येऊन झोपली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवर जमीन काही सेकंद हलली आणि आठ ते दहा हजार माणसं गेली. पुढे ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली.

माणसं मेली ती घरांखाली. माळवदाच्या घराच्या भिंती दगडमातीच्या, दोन-तीन फूट जाडीच्या. वर लाकडाचा सांगाडा आणि त्यावर वर्षानुवर्षं चढत गेलेला मातीचा थर. उन्हाळ्यात असं घर गार राहतं. त्या पहाटे हेच वजन झोपलेल्या माणसांवर आलं.

नंतर अभियंते गावोगाव सांगत फिरले की दोष दगडाचा नाही, बांधणीचा आहे. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या पदरांना एकत्र धरणारे आरपार दगड घातलेले नव्हते, म्हणून दोन्ही पदर सुटले. नीट बांधलेलं दगडी घर उभं राहतं. लोकांनी ऐकून घेतलं, पटलंही, आणि तरी दगडाचं घर नको म्हणाले. सिमेंटचं द्या, नाहीतर पत्रा द्या. कित्येकजण चांगली खोली असून अंगणात झोपत राहिले.

या वागण्याला अडाणीपणा म्हणणारे तेव्हा होते, आजही भेटतात. पण त्यात अडाणीपणा काही नव्हता. समजूत मेंदूत एका ठिकाणी घर करते आणि भीती दुसऱ्या ठिकाणी, हे गेल्या चाळीस वर्षांतलं मेंदूविज्ञान सांगतं. पहिल्या ठिकाणी सांगितलेलं दुसऱ्या ठिकाणी आपोआप पोहोचत नाही. भूकंपाच्या मानसिक परिणामांचा अभ्यास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेमार्फत करवून घेतला. त्याचे प्रमुख संशोधक होते डॉ. मोहन आगाशे. मराठी माणूस त्यांना ‘घाशीराम कोतवाल’मधले नाना म्हणून ओळखतो, पण ते व्यवसायाने मानसोपचारतज्ज्ञ आहेत. ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेल्या माणसाची विचारपूस हेही सरकारचं काम आहे, असं मानायला लावणारा तो काळ होता. तोवर मदत म्हणजे मुख्यतः धान्य, घोंगड्या आणि धनादेश.

महिना उलटल्यावरही

अपघात, बलात्कार, स्फोट, पूर, जवळच्या माणसाचा डोळ्यांदेखत मृत्यू. असं काही घडल्यावर पहिले काही दिवस झोप उडते, माणूस दचकतो, जेवता जेवता तेच दृश्य समोर येतं. हा आजार नव्हे. जिवावर बेतल्यावर शरीर असंच वागतं आणि बहुतेकांचं ते हळूहळू निवतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहण्यांनुसार जगातल्या सुमारे ७० टक्के लोकांच्या वाट्याला आयुष्यात कधीतरी असा प्रसंग येतो. त्यांपैकी ५.६ टक्क्यांच्या आसपास लोकांना पुढे आघातोत्तर तणावाचा विकार जडतो. डॉक्टरांच्या आणि आता घराघरांतल्याही बोलण्यात तो ‘पीटीएसडी’ असतो. लैंगिक अत्याचार सोसलेल्यांमध्ये हे प्रमाण कितीतरी जास्त असतं.

हे निदान महिना उलटल्याशिवाय करत नाहीत. महिन्यानंतरही प्रसंग परत परत येत असेल, आणि तो आठवणीसारखा न येता आत्ता घडत असल्यासारखा अंगावर येत असेल, तर डॉक्टर कान टवकारतात. वास, आवाज, अंगावरचा घाम, सगळं तसंच्या तसं. त्याच्या जोडीला टाळणं सुरू होतं. रस्ता टाळायचा, माणूस टाळायचा, विषय टाळायचा. ‘माझीच चूक होती’, ‘कुणावर म्हणून विश्वास ठेवू नये’ असले निष्कर्ष पक्के होतात, पोराबाळांवरची मायाही बधिर होते. आणि शरीर रात्रंदिवस पहाऱ्यावर असतं. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. तशा डब्यातून वाचलेल्या माणसाच्या खिडकीखाली दिवाळीत सुतळी बॉम्ब फुटला, तर तो आवाज त्याला फटाक्याचा वाटेलच असं नाही. फटाका आहे हे त्याला कळतं, फक्त ते कळण्याआधी त्याचं अंग जमिनीवर पडलेलं असतं.

या चार गोष्टींपैकी घरच्यांना सगळ्यात कमी खटकते ती टाळण्याची. उलट ती शहाणपणाची वाटते. ‘त्या रस्त्याने जाऊ नकोस’, ‘तो विषय काढू नका तिच्यासमोर’, ‘झालं ते झालं, विसरून जा.’ हे प्रेमापोटीच बोललं जातं. आणि नेमकं यानेच दुखणं वर्षानुवर्षं टिकतं.

पाव्हलॉव्हचा कुत्रा आणि दाराखालचं पाणी

सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राडमध्ये नेवा नदीला मोठा पूर आला. इव्हान पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेतले कुत्रे पिंजऱ्यांत अडकले आणि पाणी चढत गेलं. नोकरांनी कसंबसं त्यांना पाण्यातून पोहवत मुख्य इमारतीत आणलं. कुत्रे वाचले. पण त्यांतल्या काहींना महिनोन् महिने शिकवलेले प्रतिसाद नाहीसे झाले. धीराने काम करून ते परत आणले गेले. मग एका कुत्र्याच्या बाबतीत प्रयोगकर्त्याने एवढंच केलं, खोलीच्या दाराखालून पाण्याची बारीक धार आत सोडली. कुत्रा सैरभैर झाला आणि परत आलेलं सगळं पुन्हा गेलं.

त्या धारेने त्याचं काही बिघडणार नव्हतं. कुत्र्याच्या मेंदूने मात्र पाणी आणि मरण यांची गाठ एकाच रात्रीत मारली होती. ही गाठ बसते कुठे, हे पुढे न्यूयॉर्कच्या जोसेफ लडू आणि इतरांनी उंदरांवर काम करून दाखवलं. कानशिलाच्या आत, खोलवर अमिग्डला नावाचा बदामाएवढा भाग असतो. डोळे-कानांकडून आलेला संदेश विचार करणाऱ्या बाह्यकापर्यंत जाऊन अमिग्डलाकडे येतो, तसाच एका आखूड वाटेने तो थेटही पोहोचतो. थेट आलेला संदेश ओबडधोबड असतो, पण आधी पोहोचतो. छाती धडधडते, पाय पळायला लागतात आणि मग कळतं की तो फटाका होता. पुढे स्वतः लडू बजावून सांगू लागले की अमिग्डला म्हणजे भीतीची भावना नव्हे. ती शरीराची बचावाची यंत्रणा आहे, आणि जाणवणारी भीती मेंदूच्या इतर भागांत तयार होते. हा फरक उपचारांतही कामी येतो. औषधाने धडधड कमी झाली तरी ‘मी सुरक्षित नाही’ हा विचार शाबूत राहू शकतो.

अमिग्डलाशेजारी हिप्पोकॅम्पस आहे. प्रसंग कुठे घडला, कधी घडला, आधी काय आणि नंतर काय, ही नोंद त्याच्याकडे असते. जिवावर बेतलेल्या क्षणी ही नोंद नीट होत नाही, असा संशोधकांचा कयास आहे. इंद्रियांवर उमटलेलं ठसठशीत राहतं, पण त्याला तारीख आणि जागा चिकटत नाही. म्हणून ते जुनं होत नाही. या चित्राला एक महत्त्वाची पुरवणी २००२ मध्ये मिळाली. अमेरिकेतल्या मार्क गिल्बर्टसन आणि सहकाऱ्यांनी व्हिएतनामला जाऊन आलेले सैनिक आणि घरीच राहिलेले त्यांचे एकसारखे जुळे भाऊ यांचे मेंदू तपासले. गंभीर विकार असलेल्या सैनिकांचा हिप्पोकॅम्पस लहान होता. पण युद्ध न पाहिलेल्या त्यांच्या भावांचाही तो लहानच निघाला. म्हणजे निदान काही माणसांमध्ये हा लहानपणा आघाताचा परिणाम नसून आधीपासूनची नाजूक जागा असावी. एकाच डब्यातल्या दोघांपैकी एकाला धसका बसतो आणि दुसरा सावरतो, यात धैर्याचा हिशोब मांडणं त्यामुळेच अन्यायाचं आहे.

बंगळूरूमधले दहा दिवस

‘तेव्हा तर किती धीट होता, सगळ्यांना धीर देत होता. आता पंधरवड्याने काय झालं?’ घरच्यांचा हा प्रश्न नेहमीचा. त्याचं एक उत्तर बंगळूरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सापडलं.

सुमंत्र चटर्जी यांच्या प्रयोगशाळेत उंदरांना फक्त एकदा, दोन तास, हलता येणार नाही असं जखडून ठेवलं गेलं. दुसऱ्या दिवशी अमिग्डलातल्या चेतापेशी पाहिल्या तर काही फरक नव्हता. दहा दिवसांनी पाहिल्या तेव्हा त्या पेशींच्या फांद्यांवरचे काटे वाढलेले होते. एक पेशी दुसरीशी जोडली जाते ती याच काट्यांच्या जागी. उंदीरही आता घाबरटासारखे वागत होते, उघड्या जागी जायला कचरत होते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामाने दाखवलं की दोन तासांचा आघात संपल्यावरही मेंदूत काहीतरी दिवसेंदिवस शिजत राहतं आणि मग वर येतं.

याच प्रयोगशाळेच्या आणखी एका निष्कर्षाने तर काळजात धस्स होतं. रोज ताण दिला तर हिप्पोकॅम्पसच्या पेशींच्या फांद्या आखडतात, अमिग्डलाच्या मात्र फोफावतात. ताण थांबवून तीन आठवडे विश्रांती दिली की हिप्पोकॅम्पस पूर्ववत होतो. अमिग्डला होत नाही. नुसता काळ जाऊ दिल्याने सगळ्याच गोष्टी जागेवर येत नाहीत, याचा हा पेशींमधला पुरावा.

आणखी एक उलटी वाटणारी गोष्ट. ताणाच्या वेळी शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक वाढतं, म्हणून तेच नुकसान करत असणार असं सगळे धरून चालले होते. पण चटर्जींच्या उंदरांना ताणाच्या सुमारास याच जातीचं संप्रेरक दिलं तर दहा दिवसांनंतरचा परिणाम दिसला नाही. माणसांमध्ये रेचल यहुदा यांना विकार असलेल्या अनेकांत कॉर्टिसोल कमीच आढळलं होतं. जर्मनीत अतिदक्षता विभागातल्या काही रुग्णांना या गटातलं औषध दिल्यावर त्यांच्यात पुढे आघाताची लक्षणं कमी दिसली. यावरून अपघाताच्या रुग्णांना सरसकट तसं इंजेक्शन द्यायची वेळ अजून आलेली नाही. एवढं मात्र कळतं की पहिल्या काही दिवसांत शरीराला कसं सांभाळलं जातं, यावर पुढचं बरंच अवलंबून असतं.

मग त्या दिवसांत करायचं काय? अमेरिकेत १९८० च्या दशकात अग्निशामक दलांसाठी एक रीत निघाली. घटनेनंतर लगेच सगळ्यांना बसवायचं आणि जे पाहिलं, जे वाटलं ते एकाच बैठकीत बोलून मोकळं करवायचं. रीत लोकप्रिय झाली. मग ब्रिटनमध्ये भाजलेले रुग्ण आणि रस्ते अपघातातले जखमी यांच्यावर काटेकोर चाचण्या झाल्या. अशी बैठक घेतलेल्यांची स्थिती न घेतलेल्यांहून काही ठिकाणी वाईट निघाली. ताज्या जखमेवर बोट ठेवायचं नसतं. पहिल्या दिवसांत हवं असतं ते सुरक्षित छप्पर, पाणी, झोप, हरवलेल्या नातलगांची खबर आणि शेजारी बसणारं माणूस. ज्याला बोलायचं त्याचं ऐकावं, ज्याला नाही त्याला खोदून विचारू नये. पूर ओसरायच्या आत ‘तुम्हाला आत्ता काय वाटतंय?’ म्हणत तोंडासमोर माइक धरणाऱ्या वाहिन्यांनी या चाचण्या वाचायलाच हव्यात.

रिव्हर्स यांनी दिलेली परवानगी

विसरायला सांगणं चुकतं, हे मेंदूची छायाचित्रं निघायच्या साठ-सत्तर वर्षं आधी एका डॉक्टरने लिहून ठेवलं होतं. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे आधी मानववंशशास्त्रज्ञ म्हणून निलगिरीच्या तोडा लोकांमध्ये राहून गेले होते. पहिल्या महायुद्धात एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात त्यांच्याकडे खंदकांतून परतलेले अधिकारी येत. त्यांना आधीच्या डॉक्टरांनी एकच औषध सांगितलेलं असे, युद्धाचा विचार करू नका, वाचा, खेळा, फिरायला जा. दिवसभर ते मन लावून विसरत आणि रात्री किंचाळत उठत.

१९१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलेल्या निबंधात रिव्हर्स यांनी अशा एका अधिकाऱ्याची हकिगत दिली आहे. मित्र शोधायला गेलेल्या या अधिकाऱ्याला त्याच्या देहाचे विखुरलेले तुकडे सापडले होते. तेच दृश्य रोज स्वप्नात येई. रिव्हर्स यांनी त्याला ते टाळू दिलं नाही. त्या दृश्याबद्दल बोलता बोलता त्यांनी एक गोष्ट त्याच्या लक्षात आणून दिली. देहाची अशी अवस्था झाली म्हणजे मृत्यू एका क्षणात आला, मित्राला तळमळावं लागलं नाही. काही दिवसांनी स्वप्न आलं, पण बदललेलं. अधिकारी मित्राच्या देहाशेजारी गुडघे टेकून बसला होता आणि घरच्यांना पाठवण्यासाठी त्याच्या वस्तू काढून घेत होता. जाग आली तेव्हा तो रडत होता. तो शोक होता, त्यात थरकाप नव्हता.

त्याच निबंधात रिव्हर्स यांनी अपयशही नोंदवलं आहे. दुसऱ्या एका अधिकाऱ्याच्या अनुभवात दिलासा म्हणून धरावं असं काहीच सापडेना, तेव्हा त्यांनी त्याला सैन्य सोडून ज्या मोकळ्या हवेत त्याला बरं वाटे तिथे जायचा सल्ला दिला. एवढा प्रामाणिकपणा आजच्या अनेक उपचारजाहिरातींत सापडत नाही.

खोलीत काय होतं

आजच्या उपचारांपैकी सर्वाधिक तपासला गेलेला एक उपचार अमेरिकेत एड्ना फोआ यांनी घडवला. आठ ते पंधरा बैठका, प्रत्येक दीड तासाची. तो कसा चालतो हे कळण्यासाठी एक उदाहरण रचून घेऊ. समजा, एक टेम्पोचालक आहे. रात्री घाटात समोरच्या ट्रकशी धडक झाली, शेजारी बसलेला क्लीनर गेला. दोन वर्षं झाली, हा अजून स्टिअरिंगला हात लावत नाही. मेहुण्याच्या दुकानात बसतो, घाटातून जाणारी एसटीही टाळतो आणि रात्री दारू घेतल्याशिवाय झोपत नाही.

पहिल्या बैठकीत त्याला समजावून सांगितलं जातं की हे का होतं आणि टाळल्याने का टिकतं. श्वास सावकाश सोडायला शिकवतात. मग त्याच्याबरोबर बसून टाळलेल्या गोष्टींची यादी होते आणि प्रत्येकीला तो स्वतः शून्य ते शंभर गुण देतो. उभ्या टेम्पोत नुसतं बसणं चाळीस. दिवसा शेजारच्या सीटवर बसून नाक्यापर्यंत जाणं पंचावन्न. रात्री घाट शंभर. खालून सुरुवात होते आणि भीती ओसरायला लागेपर्यंत तिथेच थांबायचं असतं. मधूनच उठून गेलं तर मेंदू शिकतो की पळालो म्हणून वाचलो.

खरं अवघड काम तिसऱ्या बैठकीच्या सुमारास सुरू होतं. डोळे मिटायचे आणि तो प्रसंग वर्तमानकाळात सांगायचा. ‘मी वळण घेतोय. समोरून दिवे येतायत. डिझेलचा वास येतोय.’ सांगून झालं की पुन्हा पहिल्यापासून. एका बैठकीत तीन-चार वेळाही. समोरचा उपचारक ‘जाऊ द्या, शांत व्हा’ म्हणत नाही. मधूनमधून विचारतो, ‘आता भीती किती?’ आणि ‘पुढे काय दिसतंय?’ हे सगळं मोबाइलवर ध्वनिमुद्रित होतं आणि घरी रोज ऐकायचं असतं. पहिल्या वेळी पंचाण्णव, तिसऱ्या वेळी ऐंशी, सहाव्या वेळी पन्नास, असं ते उतरत जातं. नेहमीच सरळ रेषेत नाही. मधला एखादा आठवडा फार वाईट जातो आणि बरेचजण तिथेच सोडून देतात. पाचातला एकजण उपचार पूर्ण करत नाही, असं अभ्यासांतून दिसतं.

भीती उतरता उतरता सांगण्यातले तपशील बदलतात. ‘मी ब्रेक उशिरा दाबला’ म्हणणारा माणूस सातव्यांदा सांगताना स्वतःच थबकतो. दिवे दिसल्यापासून धडकेपर्यंत वेळ किती होता? दोन सेकंद? तेवढ्यात काय करता आलं असतं? असे अडकलेले निष्कर्ष उकलण्यावरच पट्रिशिया रेझिक यांची बारा बैठकांची पद्धत उभी आहे. त्यात प्रसंगाच्या वर्णनापेक्षा ‘म्हणजे दोष माझा’ या वाक्याची उलटतपासणी जास्त असते. फ्रॅन्सिन शपिरो यांची १९८७ पासूनची तिसरी पद्धत म्हणजे आठवण मनात धरून उपचारकाच्या हलत्या बोटांमागे डोळे फिरवणं. तिचा गुण येतो, जागतिक आरोग्य संघटनेनेही तिची शिफारस केली आहे. डोळे फिरवल्यामुळे गुण येतो की आठवणीला सामोरं गेल्यामुळे, यावर मात्र अभ्यासकांत एकमत नाही.

या सगळ्यात मेंदूत काय होतं? जुनी भीती पुसली जात नाही. वहिवाटीची पायवाट बुजत नाही, तिच्या शेजारून दुसरी पडते, तसं नवं शिकणं जुन्याच्या शेजारी उभं राहतं. पोर्तो रिकोत मोहम्मद मिलाद आणि ग्रेगरी क्विर्क यांनी २००२ मध्ये उंदरांमध्ये दाखवलं की ‘आता धोका नाही’ हे आठवताना कपाळामागच्या मेंदूचा एक छोटा भाग कामाला लागतो आणि अमिग्डलाला आवरतो. माणसांतही त्याच्याशी जुळणारा भाग आहे. दुसरी वाट वापरात राहिली तरच टिकते. नवी जागा, मोठा ताण किंवा घटनेची तारीख आली की जुनी वाट पुन्हा चालू होऊ शकते. म्हणून शेवटच्या बैठकीत पुढच्या वर्षातल्या अवघड तारखा कॅलेंडरवर लिहून काढतात आणि त्या दिवसांचं काय करायचं ते ठरवतात.

औषधांचं थोडक्यात. नैराश्यासाठी वापरली जाणारी सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन यांसारखी औषधं काहींना चांगली मदत करतात. दुःस्वप्नांसाठी ज्याच्याकडून आशा होती त्या प्राझोसिनची २०१८ मधली मोठी चाचणी निराशाजनक ठरली. एमडीएमए या नशेच्या द्रव्याच्या साहाय्याने केलेल्या उपचाराला अमेरिकी नियामकांनी ऑगस्ट २०२४ मध्ये परवानगी नाकारली. आणि आपल्याकडे सर्रास लिहून दिली जाणारी झोपेची आणि शांत करणारी गोळी या विकारावर उपाय नाही. तिची सवय लागते आणि भीतीला सामोरं जाऊन जे शिकायचं त्यात ती अडथळा आणू शकते.

ज्यांचं संकट चालूच आहे

हे सगळे उपचार एक गोष्ट गृहीत धरतात, की धोका होऊन गेला आहे. टेम्पोचालकाचा अपघात खरंच संपला. पण रोज रात्री पिऊन येणाऱ्या नवऱ्याच्या पावलांची चाहूल घेत जागणाऱ्या बाईची दक्षता आजार नसते, तिला ती जिवंत ठेवते. तिला ‘सामोरी जा’ सांगणं क्रूरपणाचं होईल. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेने २००० च्या सुमारास ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं, ते हे ओळखून. मोडलेला हात घेऊन आलेल्या बाईला तिथेच, त्याच इमारतीत, आपलं म्हणणं ऐकणारी बाई भेटते. आधी बोलणं होतं ते सुरक्षिततेबद्दल. आज घरी जाणार का, मुलं कुठे आहेत, पोलिसांत जायचं का, कुणाचा फोन नंबर जवळ आहे? मनाच्या जखमेचं काम नंतर, तिच्या गतीने.

पण नंतर म्हणजे सगळं आयुष्य सरळ झाल्यावर, असंही नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास पूर्व काँगोमधला आहे. लढाई थांबलेली नव्हती. लैंगिक अत्याचार सोसलेल्या, बहुतांशी निरक्षर असलेल्या स्त्रियांसाठी रेझिक यांची पद्धत गटात वापरायची होती. कागदावरचे तक्ते बाद करून सगळं तोंडी, पाठ करण्याजोगं केलं गेलं. शिकवणाऱ्या स्थानिक कार्यकर्त्या होत्या. गटातल्या ६० टक्के स्त्रियांमध्ये आधी विकाराची लक्षणं होती, उपचारांनंतर सहा महिन्यांनी ती ९ टक्क्यांमध्ये उरली. ज्या गावांत नुसता वैयक्तिक आधार दिला गेला तिथे सुरुवातीचं प्रमाण जास्त, ८३ टक्के होतं आणि ते ४२ वर थांबलं. आधाराचाही उपयोग झाला. पण पद्धतशीर उपचाराने त्याहून बरंच जास्त साधलं, आणि तो देणाऱ्या बायका डॉक्टर नव्हत्या.

तालुक्याच्या ठिकाणी

भोपाळच्या वायुगळतीच्या वेळी, १९८४ मध्ये, मध्य प्रदेशातल्या पाच वैद्यकीय महाविद्यालयांपैकी एकाकडेही मानसोपचारतज्ज्ञ नव्हता. ‘निमहान्स’ या मानसिक आरोग्य संस्थेच्या आर. श्रीनिवास मूर्ती यांनी तिथल्या साध्या डॉक्टरांना मनाचे आजार ओळखायला शिकवलं. पुढे ओडिशाचं १९९९ चं महाचक्रीवादळ आणि २००१ चा कच्छचा भूकंप, या वेळी त्याच संस्थेने गावपातळीवरचे कार्यकर्ते तयार केले. गोव्यात पर्वरीच्या ‘संगत’ संस्थेने तर काटेकोर चाचण्या करून दाखवलं की आरोग्य केंद्रात बसणारे, नीट शिकवलेले आणि देखरेखीखाली काम करणारे सामान्य समुपदेशक नैराश्यावर परिणामकारक उपचार देऊ शकतात. देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही. असं असताना दुसरी कोणतीही वाट गावापर्यंत पोहोचणार नाही.

किल्लारी परिसराला हे नवं नाही. भूकंपानंतर घरांच्या मजबुतीकरणासाठी ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेने गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभं केलं होतं. भिंतीत आरपार दगड कसा बसवायचा, गवंड्याकडून काम कसं करून घ्यायचं, सरकारी हप्ता कधी मिळतो, हे त्या शेजारणींना समजावून सांगत. ज्या घराला लोक भीत होते त्यात परत जाण्याची वाट त्या भाषणाने नव्हे, भिंतीला हात लावून दाखवत होत्या. मनाच्या कामासाठी अशाच बायका तयार करता आल्या असत्या. अजूनही येतील.

आज ‘टेलिमानस’ या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. अडीनडीच्या रात्री तो फोन मोलाचा आहे. पण दीड तासाच्या बारा बैठका फोनवरच्या बदलत्या माणसांबरोबर होत नाहीत. त्यासाठी ठरलेल्या वारी, ठरलेल्या खोलीत, तेच माणूस समोर असावं लागतं. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात या एका उपचारात तयार झालेले दोन समुपदेशक, त्यांतली एक बाई. दार लागेल अशी खोली. बुडालेली मजुरी आणि एसटीचं भाडं भरून निघेल इतका भत्ता. आणि दर आठवड्याला त्यांच्या बैठकांची ध्वनिमुद्रणं ऐकून चुका सांगणारा जिल्ह्याचा एक मानसशास्त्रज्ञ. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची चौकट आधीपासून आहे, तिच्यात ही चार कामं बसतात. पुढचा पूर, पुढची दरड किंवा पुढचा धक्का येण्याआधी त्या दोन समुपदेशकांचं प्रशिक्षण पूर्ण झालेलं असायला हवं, कारण आपत्ती आल्यावर शिकवायला वेळ मिळत नाही.